राघो आगऱ्याचं इंग्रजी

माजिवड्याच्या खालच्या अंगाला, खाडीकडे उतरलेल्या आगरी वस्तीत राघोएवढा शिकलेला माणूस दुसरा नव्हता. त्याला इंग्रजी येत होतं. येत होतं असं त्याला वाटत होतं, त्याच्या बापाला वाटत होतं, आणि वस्तीतल्या चाळीस उंबऱ्यांनाही वाटत होतं. ज्याने शिकवलं तो एकटा सोडला तर कुणालाच शंका नव्हती.

ठाण्यात आगगाडी येऊन सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिकत. मिठाचा सगळा कारभार सरकारने आपल्या मुठीत घेतला होता आणि लहानसहान मिठागरं बंद होणार अशी बोलवा उठली होती. वस्तीचं मिठागर लहानच. पण ते पेशवाईपासूनचं, आणि त्याचे जुने कागद राघोच्या बापाने, धाकूने, बांबूच्या नळकांड्यात घालून आढ्याला टांगून ठेवले होते. कागद होते, हक्क होता. नव्हता तो फक्त वाचणारा. कचेरीसमोर बसणाऱ्या एका अर्जनवीसाने मागे एकदा सरकारी पत्र वाचून दाखवलं होतं, ते अर्धंच. उरलेलं अर्धं कळलं तेव्हा आगराचा पूर्वेकडचा तुकडा गेला होता. तेव्हापासून धाकूने पण केला की आता आपलाच माणूस इंग्रजी वाचणार.

पोरं इंग्रजी शाळेत घालून ती वाचायला लागेपर्यंत आगर राहतंय की जातंय याचा भरवसा नव्हता. राघो तिशीचा होता, दोन लेकरांचा बाप होता आणि बोट लावून लावून बाळबोध वाचायचा. त्यालाच उभं केलं.

हरिहरपंत म्हणजे ठाण्यातले जुने हेडकारकून, आता पेन्शनीत. तीस वर्षं त्यांनी साहेबाच्या कागदांवर साहेबाच्या वतीने सही केली. वर साहेबाचा हुद्दा, त्याआधी बारीक अक्षरात 'फॉर', आणि खाली हरिहरपंत. साहेब आले, साहेब गेले, पंत 'फॉर'च्या खाली ते तिथेच राहिले. माणूस असा नासतो. घरी बायको मुकाट, मुलं मुंबईला, आणि संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्याभोवती पानसुपारीला जमणारी चार टाळकी, एवढाच काय तो संसार उरला होता.

धाकू हात जोडून अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "पोराला इंग्लिस शिकवा, पंत. पैसा नाय, पन सरपान, भात, अंगमेहनत, काय सांगाल ती."

पंतांना नाही म्हणता आलं असतं. झोपाळ्यावरचे महिपतराव, तेही कारकूनच पण अजून नोकरीतले, हळूच म्हणाले, "नाही म्हणालात तर उद्या पाद्र्याकडे जाईल. तो शिकवेल."

हे पंतांना पटलं. आगरी माणूस इंग्रजी शिकणार ही एक आफत, आणि पाद्र्याकडून शिकणार ही त्याहून मोठी. त्यांनी पान तोंडात सारलं, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "शिकवतो. पण माझ्या पद्धतीने. एक शब्द पुरता मुरल्याशिवाय दुसरा नाही."

महिपतरावांनी पदराआड हसावं तसं उपरणं तोंडाला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून राघो पहाटेचं आगरातलं काम आटपून, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन पंतांच्या अंगणात हजर. ओटीची पायरी चढायची नाही, पाटी नाही, पुस्तकाला हात नाही. पंत झोपाळ्यावरून सांगणार, राघो खाली मातीत काडीने लिहिणार. पंतांनी त्याला सव्वीसांतली तीन अक्षरं दिली आणि त्या तिघांचा एक शब्द दिला. फॉर.

आता या शब्दाचं एक आहे. तो दिसायला चिमुकला, पण अर्थाने भारी पोटाचा. पंतांना तो तोंडपाठ होता, आतड्यापासून माहीत होता. तीस वर्षं त्याच्याच खाली काढली होती ना. पहिला महिनाभर फॉर म्हणजे 'साठी'. मग फॉर म्हणजे 'बद्दल': चोरीबद्दल शिक्षा. मग 'ऐवजी'. मग 'च्या वतीने'. पावसाळ्यात फॉर म्हणजे 'कडे', गाडी सुटली ती कल्याणकडे. भात कापणीला फॉर म्हणजे 'इतका वेळ', दहा दिवस, दोन वर्षं. थंडीत 'च्या मानाने': वयाच्या मानाने उंच. मग 'असूनसुद्धा', मग 'कारण', मग 'च्या बाजूने', मग 'समजून', एखाद्याला मूर्ख समजून वागवणे. पंत एकही दाखला इंग्रजीत देत नसत. "साहेब फॉर मी सही केली," असं सांगत. दुसरा इंग्रजी शब्द चुकूनही राघोच्या कानावर पडू नये याची त्यांनी जी काळजी घेतली, तेवढी काळजी त्यांनी पोटच्या पोरांचीही घेतली नसेल.

चुकलं की वेताची छडी. ती ओटीवरून पोचायची नाही, म्हणून राघोने पायरीशी येऊन हात वर करायचा. तिशीचा बाप्या हात वर करून उभा राहायचा आणि झोपाळ्यावरची मंडळी छड्या मोजायची.

संध्याकाळी खेळ रंगायचा. नवा पाहुणा आला की पंत हाक मारत, "राघो, म्हण." आणि राघो हात बांधून, छाती काढून, घडघडा म्हणायचा. अठरा अर्थ, अठरा दाखले. कुठे अडखळणं नाही. पाहुणे पोट धरून हसायचे. राघोला वाटायचं, आगऱ्याच्या तोंडून इंग्रजी ऐकून यांना नवल वाटतं. तोही हसायचा. 

तुम्ही म्हणाल, दोन वर्षं एकच शब्द आणि माणसाला संशय येऊ नये? आला असता, तो मिठागराचा माणूस नसता तर. मिठागरात घाईला जागा नाही. पहिल्या वर्षी माणसाने नुसता चिखल तुडवायचा. तळ लोखंडासारखा घट्ट झाला पाहिजे. दुसऱ्या वर्षी बांध, तिसऱ्या वर्षी उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं ते दार. मीठ ओढायच्या फळीला हात लागायचा तो चौथ्या वर्षी. ज्याने आधी मीठ ओढलं त्याच्या मिठात चिखल आला. हे धाकूच्या रक्तात होतं आणि राघोच्याही.

"कनचा सबुद चाललाय?" धाकू विचारायचा.

"फॉरच हाय, बा. सतरावा अर्थ."

धाकू मान डोलवायचा. "मास्तर पक्का हाय. तळ घट करतोय."

एकदा तलावाच्या काठी इंग्रजी शाळेतली दोन पोरं पुस्तक उघडून बसली होती. राघोने त्यांना मोठ्या भावाच्या नात्याने विचारलं, "तुमचा कनचा सबुद चाललाय?" पोरं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, आम्ही रोज वीस शिकतो. राघोला त्यांची कीव आली. त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, शाळेत निव्वळ चिखल-मीठ चाललंय.

बायको त्याची आवडाबाई. ती हसली नाही. "इंग्लिसान सबुद तरी किती हायत?" तिने विचारलं.

राघोने हा विचार केला नव्हता. म्हणाला, "आसतील पन्नास-साठ."

"मंजे तुमी मराचे आदी सपनार नाय," ती म्हणाली आणि कोलीम, ती बारीक सुकट, निवडायला बसली. त्या घरात हिशेब कळणारं माणूस तेवढं एकच होतं, आणि तिला विचारतो कोण!

तिसऱ्या वर्षी होळी झाल्यावर पत्र आलं. मीठ पिकायचे दिवस. कोंड्यांमधून, म्हणजे मिठाच्या वाफ्यांमधून, पांढरा थर धरू लागला होता. शिपायाने लांब लखोटा धाकूच्या हातात दिला, अंगठा घेतला आणि निघून गेला. सांजेला देवळासमोर झाडून सगळी वस्ती जमली. बायका मागे उभ्या राहिल्या. राघो धुतलेलं धोतर नेसून आला. धाकूने लखोटा देवापुढे ठेवला, मग लेकाच्या हातात दिला. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जो थाट होता तो त्याच्या लग्नातही नसेल.

राघोने पत्र उघडलं. पानभर अक्षरं होती, वळवळ करणारी, एकमेकांच्या शेपट्या धरलेली. त्याने नजर फिरवली आणि त्याला तो दिसला. दुसऱ्या ओळीत फॉर. मग पाचवीत. मग खाली आणखी दोनदा. ओळखीचा माणूस बाजारात दिसावा तसा त्याला आनंद झाला. मग त्या चार फॉरांच्या मधे काय आहे ते वाचायला त्याने तोंड उघडलं, आणि तोंड उघडंच राहिलं.

"वाच," धाकू म्हणाला.

राघोने बोटाने ओळी मोजल्या. "चार ठिकाणी फॉर हाय," तो म्हणाला. वस्तीत समाधानाची कुजबुज झाली. "बाकीचं... बाकीचं मास्तरला विचारून नीट लावतू. सरकारी कागद हाय, चूक नको." चूक नको हे सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी तो धावतच पंतांकडे गेला. झोपाळ्यावर पंत, शेजारी महिपतराव. राघोने पत्र पायरीवर ठेवलं, पंतांनी उचलून वाचलं. पत्रात लिहिलं होतं ते असं: या मिठागरावर ज्यांचा जुना हक्क असेल त्यांनी येत्या मंगळवारी कल्याणच्या मुक्कामी साहेबापुढे मूळ कागद हजर करावेत, न केल्यास हक्क नाही असं समजून मिठागर मोडलं जाईल. तो वार बुधवार होता. मधे सहा दिवस होते. आणि कल्याण म्हणजे विलायत नव्हे. गाडीने तास-दीड तासाची वाट.

पंतांनी पत्र महिपतरावांकडे दिलं. महिपतरावांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा जरासा उतरला. "पंत, तारीख जवळ आहे हो," ते हळू म्हणाले.

"असू दे," पंत म्हणाले. मग अंगणाकडे वळून, "राघो, तुझा फॉर मुरला. आता दुसरा शब्द. या पत्राचाच पहिला शब्द घेऊ. पत्र इथे राहू दे, रोज यावरच धडा. म्हणजे तूच वाचशील. मी वाचून दाखवलं तर तुझी दोन वर्षं पाण्यात."

राघोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मातीवर डोकं टेकलं. महिपतरावांनी पान जुळवायला घेतलं. पाण्यात बुडणाऱ्याला बघून काठावर पान जुळवणारा माणूस बुडवणाऱ्याहून बरा असतो असं कुणाला वाटत असेल, तर वाटो.

पत्राचा पहिला शब्द होता 'विथ'. त्यासाठी चार नवी अक्षरं. राघो हरखून गेला. बुधवारी विथ म्हणजे 'बरोबर'. गुरुवारी विथ म्हणजे 'ने', काठीने मारणे. शुक्रवारी 'च्यासह'. शनिवारी छड्या सात. रोज सांजेला वस्ती विचारायची, काय लिवलंय? आणि राघो सांगायचा, "पयला सबुद निम्मा झाला. पत्र मास्तरकडंच हाय, जपून." वस्ती मान डोलवून घरी जायची. मीठ आठ दिवसांत पिकत नाही, पत्र तरी कसं पिकेल?

फक्त आवडाबाई रविवारी रात्री भाकरी ताटात टाकून म्हणाली, "पत्र वाचाला पाच दिस? त्या ठेसनावरच्या मास्तरला दाकवा. नायतर पाद्र्याला. वाचून दाकवाला त्याचा काय जातंय?"

धाकू आतून ओरडला, "गुरूवर इस्वास नाय तिला! बायकांना काय कलतंय शिकशनातला!" राघो जेवला आणि सोमवारी पुन्हा मोळी घेऊन निघाला. मंगळवारी तो विथचा पाचवा अर्थ शिकून आला. कल्याणला साहेबाच्या तंबूत त्या दिवशी आणखी तीन गावांचे लोक कागद घेऊन उभे राहिले, त्यांची आगरं राहिली.

शनिवारी सकाळी फावडी घेतलेले वीस मजूर, चार शिपाई आणि सरकारी हुकूम घेऊन महिपतराव आले. हुकूम मराठीत होता. तो त्यांनी बांधावर उभं राहून वाचला, कागदावरची नजर वर न उचलता. मंगळवार, कल्याण, मूळ कागद, कोणी हजर नाही.

धाकू घराकडे पळाला. सत्तरीचा म्हातारा, धापा टाकत परत आला तो बांबूचं नळकांडं छातीशी धरून. "कागुद हायत! हे काय! बगा ना, सिक्का हाय!" त्याने कागद महिपतरावांच्या पायाशी पसरले. वाऱ्याने एक उडाला, तो पकडायला बायका धावल्या.

"हे मंगळवारी दाखवायचे होते," महिपतराव म्हणाले. "आता मुंबईला अपील करा. वर्षाची मुदत आहे."

मजुरांनी बांध फोडला. भरती होती. पाणी आत शिरलं आणि कोंड्यांमधला पांढरा थर बघता बघता विरघळला. एका बाईने ओंजळीत मीठ उचलून पदरात टाकलं, तर शिपायाने पदर झटकायला लावला, सरकारी माल.

राघो महिपतरावांसमोर गेला. "रावसाहेब, त्या दिवशी तुमी ओटीवर व्हते. तुमी वाचला व्हता."

महिपतराव चिडले. आपलं पाप कुणी बोट लावून दाखवलं की माणूस चिडतो. ते सगळ्यांदेखत ओरडले, "अरे बैला, दोन वर्षांत एक शब्द? असं कुणी कुणाला शिकवतं का? शाळेतलं पोर दोन वर्षांत पुस्तक वाचतं! पंतांनी तुझा खेळ केला, आणि तू नाचलास!"

राघोला एकदम सगळं दिसलं. पाहुण्यांचं हसणं, उपरण्याआडचं तोंड, मातीतली तीन अक्षरं. तो तिथेच चिखलात बसला.

पण वस्तीने जे ऐकलं ते वेगळंच. वस्तीने ऐकलं, शाळेतलं पोर दोन वर्षांत पुस्तक वाचतं. आणि हा तिशीचा घोडा एका शब्दापाशी अडला!

सांजेला पंचांसमोर राघो घसा फाटेपर्यंत सांगत होता. मास्तरने फसवलं. पत्र दाबून ठेवलं. तारीख माहीत होती त्याला. वस्ती त्याच्याकडे बघत राहिली. पेन्शनीतला बामण, साहेबाच्या जागी सही करणारा, तो चाळीस घरांच्या मिठाशी कशाला खेळेल? त्याला काय मिळणार? उगाच, गंमत म्हणून कुणी असं करेल, हे त्या भल्या माणसांच्या डोक्यात शिरेना. माणसाचं डोकं मंद असतं हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. धाकू उठला आणि त्याने लेकाच्या थोबाडीत मारली. "सोताला आला नाय, आन गुरूवर घालतंस!"

पंचांनी ठरवलं की राघोशी आगपाणी बंद. त्याच्या चुलीला कुणी विस्तव देणार नाही, त्याच्या लेकरांना विहिरीवर घेणार नाही. आवडाबाई रात्रभर रडली नाही; सकाळी उठून तिने धाकट्याला डबक्यातलं पाणी गाळून पाजलं. आठव्या दिवशी त्या पोराला हगवण लागली. विसाव्या दिवशी ते गेलं. त्याला पोचवायला राघो एकटा गेला.

त्यानंतर राघोने पंचांपुढे नाक घासलं. पंचांनी दोन अटी घातल्या: मास्तराविरुद्ध परत तोंड उघडायचं नाही, आणि अपील करायचं तर नवा माणूस शिकवायला हवा, त्याला मास्तरकडे राघोनेच न्यायचं, कारण तिथली रीत त्यालाच ठाऊक. नवा माणूस ठरला गोविंदा, आवडाबाईचा भाऊ, बावीस वर्षांचा, तल्लख. राघोने वाटेत त्याला सांगायला तोंड उघडलं. पण मागून धाकू चालत होता, आणि घरी थोरलं लेकरू होतं. त्याने तोंड मिटलं.

पंत झोपाळ्यावर होते. या मंडळींना बघून ते एक क्षण दचकले. वाटलं असेल, मारायला आलेत. मग धाकूने भाताचं पोतं खाली ठेवून हात जोडले, आणि पंतांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"हा मंद निघाला, पंत," धाकू म्हणाला. "तुमची दोन वरसा फुकट घालवलीन. मापी करा. हा दुसरा चलाक हाय."

पंतांनी राघोकडे पाहिलं. राघोने मोळी उतरवली होती आणि तो नेहमीच्या जागी, पायरीखाली उभा होता.

"काय रे राघो," पंत म्हणाले, "मी शिकवण्यात काही कसूर केली का?"

धाकूने मागे वळून पाहिलं. गोविंदानेही पाहिलं, कौतुकाने, आता आपली पाळी म्हणून.

"नाय, मास्तर," राघो म्हणाला.

"बरं. मग याला 'ऑफ'पासून धरू. 'फॉर'पेक्षा सोपा नाही तो. मार खाईल ना?"

"खाईल," धाकू म्हणाला. "याला जास्ती मारा. त्याला तुमी कमी मारलाव."

गोविंदा अंगणात मांडी घालून बसला आणि त्याने लिहायला म्हणून राघोकडे काडी मागितली. राघोने मोळीतली एक सरळ काडी निवडली, तिचं टोक नखाने साफ केलं आणि ती त्याच्या हातात दिली.